भरती-ओहोटीचा तक्ता

सिनेमातला पाऊस तेवढा खरा.
आंकुदमध्ये पावसाला अभिनय करावा लागत नाही.
बाकी, पार्किंगमधला तो अनोळखी माणूस,
त्याची वर केलेली कॉलर,
गाडीच्या टपावरून सरकवलेलं जाड पाकीट,
यातलं काही घडलं नव्हतं.
आमच्या पेपरला पार्किंगच नव्हतं.

शाळेच्या व्यायामशाळेत पडदा बांधलाय.
घडीच्या खुर्च्या, ओल्या लोकरीचा वास,
आणि एलिसेओ बार्रीआ म्हणून एक देखणा तरुण
रात्र रात्र जागतो, सिगरेटी ओढतो, बायकोशी भांडतो.
खरा एलिसेओ माझ्या शेजारी बसलाय.
त्याला धुरानं खोकला यायचा
आणि बायको काही शेवटपर्यंत मिळाली नाही.
"फ्रेसिया," तो कानाशी पुटपुटतो, "मी फारच बरा दिसतोय."
मी कुठे दिसते का, शोधून पाहिलं.
चश्मा लावलेली एक मुलगी आहे, कॉफी आणून देते.
कॉफी एलिसेओ आणायचा. गार.

मी सातवं पान बघायची.
वाढदिवस, निधनवार्ता, हरवलेली मेंढरं,
आणि खाली डाव्या कोपऱ्यात भरती-ओहोटीचा तक्ता.
एकोणीस वर्षं.
अग्रलेख चुकला तर कुणाचं काही अडत नाही,
तक्ता चुकला की होडी खडकावर बसते.

सरकारनं बेटांसाठी रुग्णवाहिका-होड्या घेतल्या होत्या.
तीन. पांढऱ्या. कागदावर.
सिनेटरसाहेबांनी फीत कापली,
फोटो आम्हीच छापला पहिल्या पानावर.
फोटोत फीत होती, कात्री होती, साहेब होते.

पाणी कुठेतरी मुरतंय
हे मासळीबाजारातल्या पोरालाही कळत होतं.
कुठे, ते बोट ठेवून दाखवता येईना.
मग एका संध्याकाळी एलिसेओनं
पोचपावत्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला,
"निदान शुद्धलेखन तरी बघ," म्हणाला, वैतागून.

शुद्धलेखन चोख होतं.
*केम्ची धक्का. होडी दाखल. चौदा मार्च, दुपारी तीन दहा.*
आणि मला हसू फुटलं.
त्या दिवशी तीनला केम्चीच्या धक्क्याला
पाणीच नव्हतं.
तेव्हा बायका बादल्या घेऊन शिंपले वेचतात तिथे,
कुत्री लोळतात,
धक्का उभा असतो स्कर्ट गुडघ्यावर खोचलेल्या म्हातारीसारखा.

मी जुने अंक काढले.
एक्केचाळीस पावत्यांपैकी सव्वीस वेळा
होडी चिखलावरून चालत आली होती.
ज्यानं त्या लिहिल्या
त्यानं वरपासून खालपर्यंत सगळ्यांचे हात ओले केले,
समुद्राला तेवढं विचारायचं राहून गेलं.

हे सिनेमात नाही.
तक्ता वाचणारी बाई पडद्यावर काय करणार?

मेउलिन बेटावरची एर्मेलिंडा आहे मात्र.
नट्या तिचं रडणं फार सुंदर रडतात,
कॅमेरा डोळ्यापर्यंत जातो.
खरी एर्मेलिंडा तेव्हा रडली नव्हती.
आम्ही गेलो तर बटाटे सोलत होती.
"होडी येणार म्हणून मी कंदील दोनदा भरला,"
एवढंच बोलली, आणि पोराची टोपी
खुंटीवरून काढून दुसऱ्या खुंटीला लावली.
आज ती पहिल्या रांगेत आहे.
तिचा प्रसंग आला तशी उठली,
कोपऱ्यातल्या शेगडीत दोन लाकडं सारली,
तिथेच पाठमोरी उभी राहिली
संगीत थांबेपर्यंत.

साहेब आठ महिने आत होते.
आता बाहेर आहेत, मधमाश्या पाळतात.
बेटांना होडी एकच मिळाली. पांढरी नाही, पण तरंगते.

शेवटचं दृश्य: केम्चीचा धक्का,
सोनेरी ऊन, काठोकाठ पाणी,
खाली अक्षरं उमटतात: चौदा मार्च, दुपार.
लोक टाळ्या वाजवतात.
माझा हात आपोआप पर्सकडे जातो, पेन्सिलीसाठी.

"काय झालं?" एलिसेओ विचारतो.
"काही नाही," मी म्हणते,
"पाणी जास्त आहे."